साल आहे, नाव नाही

तुम्हाला ठाऊक होतं, साहेब. चुकून झालं, घाईत झालं, पाटी रंगवणाऱ्यानं केलं, असलं काही मला सांगू नका. माझ्या आजाच्या साइड ड्रमचं वय तुम्ही स्वतः भिंग धरून काढलंत, बरोबर काढलंत, आणि मग खोटं लिहिलंत. मी तिथं होते. माझे वडील, आबाही होते, तुमच्या टेबलासमोर, स्टुलावर.

ड्रम टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवला होता. साइड ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात पट्टा घालून मांडीशी तिरका लटकवतात आणि दोन काड्यांनी कडकड वाजवतात तो. पितळेचं गोल अंग, दोन्ही तोंडांना कातडं, खालच्या कातड्यावरून ताणलेल्या तारा. आमच्या घरात त्याला सैड्रम म्हणतात. आदल्या दिवशी आबांनी तो चिंच लावून घासला होता, त्यामुळे तुमच्या ऑफिसात नुसता उजेड पडला होता.

तुम्ही कपाळाला हात लावलात. "अहो, हे काय केलंत? जुनी वस्तू घासायची नसते!"

"का वो?" आबा म्हणाले.

"सगळा पुरावा जातो. मळावरूनसुद्धा वय कळतं."

"मळकी वस्तू घिऊन कुनाच्या दारात जायचं व्हय, सायेब?"

तुम्ही हसलात. मीही हसले. त्या दिवशी तुम्ही मला चांगला माणूस वाटला होतात, हे लिहून ठेवते.

दोन हजार सात साल होतं. सत्तावनच्या उठावाला दीडशे वर्षं झाली म्हणून तालुक्यात नवं वस्तुसंग्रहालय उघडायचं ठरलं होतं आणि तुम्ही गावोगाव जुन्या वस्तू मागत फिरत होतात. आमच्या वस्तीत कोण फिरकतं? तुम्ही आलात, चहा प्यालात, माळ्यावरचा ड्रम बघितलात. आबांनी तो आपणहून दिला. त्या आधी पुष्कळ वर्षं तो कुणी वाजवला नव्हता. बँड मोडला, मग बेंजो आला, मग डीजे आला. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माळ्यावर उंदरांनी कातडं खाण्यापेक्षा काचेत राहिलेलं बरं, असं ते म्हणाले.

तुम्ही भिंग काढलंत. ड्रम कुशीवर वळवलात.

"हा जोड बघा," तुम्ही मला दाखवलंत. मी शिकलेली दिसते म्हणून मलाच दाखवत होतात. मी सातवी नापास आहे. "पत्रा वळवून झाळ दिलीय. घागरीला, हंड्याला देतात तशी. आणि हे ठोके. कारखान्यातला ड्रम असा नसतो. हे तांबटाचं काम आहे, इथलंच."

"तांबट आळीतलंच हाय," आबा म्हणाले. "माझ्या बापानं संस्थानाच्या बँडात इंग्रजी ड्रम बगितला. तसला आनायची ऐपत कुठली? मग तांबटाकडनं अंग ठोकून घेतलं, लव्हाराकडनं कड्या, कातडं सोताच्या हातानं चढवलं."

"आणि या दांड्या. पेचाच्या आहेत. सत्तावनच्या काळात पलटणीतले ड्रम दोरीनं आवळायचे. पेच फिरवून आवळायचे ड्रम इकडे फार उशिरा आले." तुम्ही बोलत बोलत ड्रम फिरवत होतात आणि जोडाशेजारी येऊन थांबलात. तिथं बारीक ठिपक्यांनी आकडा कोरला होता. भांड्यांवर नाव घालतात, तसाच. १८५७.

तुमचा शिपाई वाकून बघत होता. तो ओरडलाच. "साहेब! सत्तावन्न! अठराशे सत्तावन्न!"

तुम्ही काय म्हणालात, आठवतं? मला अक्षरन् अक्षर आठवतं.

"अरे गाढवा, हे शके आहे. भांड्यावर कुणी इसवी सन घालतं का? तुझ्या आजीचा तांब्या बघ घरी जाऊन. शकात अठ्ठ्याहत्तर मिळव." आणि तुम्ही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बेरीज केलीत. "एकोणीसशे पस्तीस. झाळ, दांड्या, आकडा, सगळं एकमेकांना धरून आहे. पस्तीसचा पाडवा ते छत्तीसचा पाडवा, यात कधीतरी."

"पाडव्यालाच!" आबा स्टुलावरून उठले. "पाडव्यालाच वाजवला पैल्यांदा. माझ्या जलमाच्या आदी. आई सांगायची." "शालन, बगितलंस? आकडं खोटं बोलत न्हाईत. आमी त्याला घरात सत्तावनचा ड्रमच म्हनायचो, सायेब. सत्तावन आना रं, सत्तावन तापवा रं."

"तापवा?"

"पावसाळ्यात कातडं सैल पडतं. शेकोटीला धरायचा."

तुम्ही ते लिहून घेतलंत. मग आबांनी हात जोडले. ज्यासाठी सकाळपासून आले होते ते आता बोलायचं होतं.

"माजं एकच मागनं हाय. दुसरं काय बी नको. पाटीवर माझ्या बापाचं नाव लिवा. दौलू सखाराम अवघडे."

"अहो, लिहिणारच. वस्तू, साल आणि कुणाची, एवढं तर पाटीवर असावंच लागतं." मग तुम्ही सहज विचारलंत, "पण ड्रमवर नाव कसं नाही घातलं हो त्यांनी? साल घातलं आणि नाव नाही?"

आबा पट्टा गुंडाळत राहिले. "ऱ्हाऊन गेलं आसंल," म्हणाले. आणि ते लगेच बाहेर चालायला लागले. मला तेव्हा वाटलं, बस चुकेल म्हणून घाई आहे.

मे महिन्यात तुमचा शिपाई मोटरसायकलवरून वस्तीत आला. उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि फीत कापताना आबांनी ड्रम वाजवावा, असा तुमचा निरोप होता. आबांनी हो म्हणायला क्षणही घेतला नाही. मी म्हटलं, "आबा, हात कापतोय तुमचा. चहाची कपबशी धरवत नाही."

"कपबशी कुटं वाजवायचीय?"

रोज दुपारी जेवण झालं की ते उशी मांडीवर घेऊन काड्या चालवायचे. उशीतला कापूस बाहेर यायला लागला. मी रागावले की म्हणायचे, "आगं, बापाच्या नावाची पाटी लागनार. वाजीवताना तोंड पाडून चालंल व्हय?"

उद्घाटन दहाला होतं. आम्ही आठला पोचलो. मंत्री एकच्या पुढं आले. तुम्ही आबांना फेटा दिलात, पांढरा झब्बा दिलात आणि दाराजवळ उन्हात उभं केलंत. मंडप होता, पण खुर्च्यांपुरता. मी तीनदा पाणी नेऊन दिलं. "बसा की थोडं," म्हटलं.

"ड्रम गळ्यात हाय."

"मग काढा."

"एकदा चढवला की वाजवल्याबिगर उतरवायचा न्हाई. आन् चढीवल्यावर बसायचं न्हाई. ही आमची रीत. तू गप जा सावलीत."

शेवटी गाड्या आल्या. धावपळ झाली. तुम्ही हात वर केलात आणि आबांनी वाजवलं.

ते कसं होतं हे मला लिहिता येणार नाही. सुरुवातीला एक काडी चुकली. मग हातांना काहीतरी आठवलं. कडकडाट सलग झाला, ठोके वेगळे ऐकू येईनात, कापड फाटावं तसा एकच आवाज. लोक बोलायचे थांबले. मंत्रीसुद्धा हातात कात्री धरून उभे राहिले.

"किती जुनं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"सत्तावनचं, साहेब," तुम्ही म्हणालात.

मंत्र्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी मान डोलावली. सत्तावनचाच तो. जन्मभर त्याला तेच म्हणत आले होते. पेपरवाल्यांनी फोटो काढले.

मंत्री गेले, पेढे वाटले, खुर्च्या रिकाम्या झाल्या. शिपायानं ड्रम आत नेऊन काचेच्या पेटीत ठेवला. आबा फेटा काढून हातात घेऊन आत आले. पाय भाजले होते, चप्पल उन्हात तापली होती. काचेला नाक लावून उभे राहिले, पण त्यांना पाटी नुसती पांढरी दिसत होती.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. आधी मनात. मग पुन्हा मनात.

"वाच की मोठ्यानं. आपल्याच घरचं हाय."

"रणवाद्य," मी वाचलं. "साल अठराशे सत्तावन्न. स्वातंत्र्यसमरात या परिसरातील अज्ञात वीराने वाजवलेले."

"आन् नाव?"

"अज्ञात लिहिलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे कोण होता ते माहीत नाही."

आबांनी काचेवरून नाक मागं घेतलं. मग म्हणाले, "मला इच्यारायचं की. मी हितंच उबा हुतो सकाळधरनं."

मी पाटीवरून पुन्हा नजर फिरवली.

"मागनं बग. काचेच्या मागल्या बाजूला लिवलं आसंल. जागा पुरली नसंल फुडं."

मी पेटीच्या बाजूनं मागं डोकावले. मागं भिंत होती. भिंतीत आणि पेटीत हात शिरेल एवढी फट होती, आणि तिथून नुसतं कोरं पितळ दिसलं. आकड्याची बाजू मुद्दाम पुढं नीट दिसेल अशी फिरवली होती. मी परत आले. "नाही," म्हटलं.

तुम्ही तुमच्या खोलीत पेढा खात होतात. पुढचं तुम्हीही विसरला नसाल, पण मी सांगते, कारण तिथं आपण तिघंच होतो आणि आता त्यातले दोघंच उरलोत.

"साहेब, पाटी चुकलीय," मी म्हणाले.

"काय चुकलंय?"

"ड्रम पस्तीसचा आहे. तुम्हीच काढलंत वय."

तुम्ही दार लोटून घेतलंत. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. "बसा," म्हणालात. या वेळी खुर्ची दिलीत. "हे बघा, बाई. शेजारच्या तालुक्यात तोफ निघाली. पलीकडं तलवारी निघाल्या. आपल्याकडं सत्तावनचं काय आहे? काही नाही. आणि दीडशे वर्षं साजरी होताहेत. एकोणीसशे पस्तीसचा लग्नाचा ड्रम बघायला मंत्री येतात का?"

"म्हणून खोटं लिहायचं?"

"मी खोटं काय लिहिलं? ड्रमवर जे आहे तेच लिहिलं. १८५७. एक अक्षर वाढवलं नाही."

"अज्ञात वीर कुठं आहे ड्रमवर?"

"नाव नाही म्हणून अज्ञात. नाव असतं तर माझे हात बांधलेले असते." मग तुम्ही आबांकडे वळलात आणि समजावणीच्या सुरात म्हणालात, "तुम्हीच सांगा, आबा. पोराला मुंजीत पेला मिळाला तरी लोक त्यावर नाव घालून घेतात. तुमच्या वडिलांनी एवढा ड्रम करून घेतला, साल घातलं, मग नाव का घातलं नाही? उद्या मला कुणी विचारलं की हा अवघड्यांचा कशावरून, तर मी काय दाखवू? आणि मंत्र्यांसमोर तुम्हीच मान डोलावलीत."

आबांनी ओठ हलवले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फेट्याची नीट घडी केली आणि ती तुमच्या टेबलावर ठेवली. "घालाया पायजे हुतं," म्हणाले.

"मग आमचा ड्रम परत द्या," मी म्हणाले.

"दिलेली वस्तू परत मागतात का? आणि उद्घाटन झालंय आता. उलट अभिमान बाळगा. तुमच्या घरातून निघालाय, हे गावाला माहीतच आहे."

"गावाला म्हाईत हाय," आबा म्हणाले, "म्हनून तर पाटीवर न्हाई." आणि ते उठले.

आम्ही स्टँडवर आलो. बस नव्हती. सिमेंटच्या बाकड्यावर आबा आडवे झाले, डोळ्यांवर हात घेऊन. झब्बा तुमचाच अंगात होता, तो परत द्यायचा राहिला. मी भांडत होते. त्यांच्याशीच भांडत होते, दुसरं कोण होतं? म्हटलं, "ऱ्हाऊन गेलं, ऱ्हाऊन गेलं काय म्हणता? आजा एवढा हुशार माणूस. बँड काढला, पाच गावांत नाव. आणि साल घालून घेतलं न् नाव विसरला? मला पटत नाही."

"न्हाई इसरला."

"मग?"

शेजारी एक कंडक्टर तंबाखू मळत होता, तो उठून गेला तेव्हा ते बोलले. डोळ्यांवरचा हात काढला नाही.

"अंग ठोकून झालं. तांबट मानूस चांगला. चेष्टा करायचा. म्हनायचा, दौल्या, लेका, हा बूड नसल्याला हंडा, ह्यात भरनार काय? माझा बाप म्हनायचा, आवाज. ठोकताना दोघं संगं बिडी वढायचे, पर ज्याची त्याची, आलग आलग. आसं. मग अंग तयार झालं तवा बाप म्हनला, नाव घाल. दौलू सखाराम अवघडे. तांबटानं छिन्नी खाली ठेवली."

"का?"

"म्हनला, दौल्या, ह्याच छिन्नीनं मी देवळाच्या घागरीवर नावं घालतो, समईवर घालतो. बामन-वाण्याच्या लग्नातल्या भांड्यांवर घालतो. हिनं मांगाचं नाव कोरलं आन् आळीत कळलं, तर उद्या माझ्याकडं भांडं कोन दील? माझी पोरं उपाशी मरतील. तुला ड्रम करून दिला, नाव मला मागू नगंस. बाप उटला. तवा तांबटालाच वाईट वाटलं. म्हनला, थांब. साल घालतो. साल काय कुनाच्या जातीचं नसतं."

बस आली. आम्ही चढलो नाही. ती गेली.

"हे तिथं का सांगितलं नाहीत?" मी म्हणाले. "त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. त्यानं विचारलं होतं, नाव का नाही. उत्तर तुमच्याजवळ होतं."

"आगं, सांगून काय झालं आसतं? तो सायेब लिवनाराच मानूस. तेवढंच लिवलं आसतं त्यानं. ज्याचं नाव घालाया तांबटानं नाय म्हनलं, त्याचा ड्रम. येईल त्यो हळहळंल, पोरास्नी वाचून दाखवंल. माझ्या बापाची तेवढीच वळख ऱ्हायाची व्हय? त्यानं बँड काढला. ड्रम डोक्यातनं काढला, कुनी शिकीवलं न्हवतं. हात आसा चालायचा की संस्थानचा बँडमास्तर रस्त्यात उबा ऱ्हायचा. ते न्हाई लिवायचं आन् नकार लिवायचा? नको बाई."

आणि ते उठून बसले. "पानी हाय का?" म्हणाले.

त्यानंतर आबा तीन पावसाळे होते. तुमच्याकडं पुन्हा आले नाहीत. मी येत होते. तुम्हाला भेटले, तुमच्या जागी आलेल्याला भेटले, त्याच्या जागी आलेल्याला भेटले. प्रत्येकाला शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून दाखवले. प्रत्येकानं मान डोलावली. हिशोब कुणालाच चुकीचा वाटला नाही. मी भांडून दमले नाही. भांडायला कुणी मिळतच नाही. समजावून सांगून दमले. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून.

गेल्या वर्षी पाटी बदलली. जुनीचा रंग उडाला होता. नवी पितळेची केली, कोरीव अक्षरं, खाली दिवा. निवृत्त होऊनही तुम्ही त्या दिवशी पहिल्या रांगेत होतात, सल्लागार म्हणून तुमचा सत्कार झाला. म्हणजे लिहिलेलं बदलायची वेळ आली होती, पाटी बदलायची वेळ आली होती, अक्षरं नव्यानं कोरायची होती. कोरणाऱ्याला तुम्ही कागद दिलात. त्यावर पुन्हा "अज्ञात" होतं.

आबांनी सांगू नको म्हटलेलं मी आज सांगितलं आहे. ते असते तर माझ्याशी महिनाभर बोलले नसते. पण मला आता दुसरं काही विचारायचं उरलेलं नाही, आणि हे विचारायचं तर ते सांगावंच लागतं.

तांबटाला पोटाची भीती होती. तो गरीब होता, त्याची आळी त्याच्या उरावर बसली होती, आणि तरीही त्यानं माझ्या आजाला समोर बसवून, डोळ्यांत बघून कारण सांगितलं. तुमच्या छिन्नीला कोण बाटवणार होतं, साहेब? तुमची पोरं उपाशी मरणार नव्हती. दौलू सखाराम अवघडे हे नाव तुम्हाला तोंडपाठ होतं.

तुम्ही का घातलं नाही?